वळणापलीकडची म्हैस: शहापूर ते सदलगा, मोटारीनं

शहापूर, बेळगाव

चिरंजीव बापू यास अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर आता कशी आहे? दिवाळीत आलास तेव्हा पाटावरून उठताना भिंतीला हात लावत होतास, ते माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. चि. सौ. यमुनेचा खोकला थंडीनं वाढला नाही ना? रात्री झोपताना तोंडात लवंग धरायला सांग. कुसुमचा कान वाहायचा थांबला का? निदान महिनाभर तिला पंचगंगेत डुंबायला सोडू नकोस. गोठ्यातली कपिला व्यायली का, हे कळवायचं तू मागच्या दोन्ही पत्रांत विसरलास. राहिला वसंता. त्याची तब्येत मी विचारत नाही. नवी मोटार घेतलेल्या माणसाला काही होत नसतं, जे व्हायचं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना होतं.

इकडं मी बरा आहे. चष्मा बदलला, आता मागावरचा तुटका धागा पोरांच्या आधी मला दिसतो. तुझ्या वहिनीचे गुडघे तिच्याइतकेच बोलतात. सोनीचं तू मुद्दाम विचारलंयस. तिचं शेवटी सांगतो. मधलं सोडून शेवट वाचायची तुझी लहानपणची खोड मला ठाऊक आहे, ती आज बाजूला ठेव.

तुझ्या पत्राखाली वसंतानं दोन ओळी खरडल्यात: "थोरले काका, आम्ही सगळे मोटारीनं येतो. कागल ओलांडलं की एका दमात शहापूर." हे 'एका दमात' वाचलं आणि ठरवलं की आता बैठक मारून सविस्तर लिहायचं. निपाणीपासून इकडचा रस्ता आम्ही नुकताच जाऊन-येऊन पाहिलाय. कुठं काय मिळतं, कुठं काय जपायचं, सगळं लिहितो. तू हे घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखव. वसंताला अगदी समोर बसव.

गोष्ट अशी झाली. सोनीला सातवा लागला आणि बाळंतपणाला तिला सदलग्याहून माहेरी आणायची वेळ आली. आधीच्या खेपेला तिचं चौथ्या महिन्यातच गेलं, ते तुला माहीत आहे. त्यामुळं या वेळी घरात कुणी मोठ्यानं शिंकलं तरी तुझी वहिनी दचकायची. वैद्यबुवांनी बजावलं होतं, पोरीला हिसका बसता कामा नये. सदलग्याहून बैलगाडीनं चिकोडी रोड स्टेशन आणि तिथून आगगाडी, ही आपली जुनी वाट. पण त्या चाकोरीत बसलेल्या माणसाची आतडी जागा सोडतात. मग आणायचं कसं?

तेव्हा आपल्या आक्काचा दत्तू पुढं आला. हा आपला भाचा कापडदुकान सांभाळतो, अंगानं गोल आहे आणि चालीनं गोगलगाय. कँपातल्या कुणा साहेबाची जुनी मोटार त्यानं घेतली आहे, कापडी टपाची, रबरी फुग्याच्या भोंग्याची. गल्लीतली पोरं तिच्याबरोबर शर्यत लावतात आणि पुढं जाऊन कोपऱ्यावर वाट बघत बसतात, इतकी ती हळू. मी म्हटलं, "दत्तू, तुझ्या मोटारीपेक्षा चालत गेलो तर लवकर पोचू."

"चालत जावा की मामा," तो म्हणाला, "पन सोनीला घ्यायला मीच जानार."

सदलग्याला निरोप धाडला तर विहीणबाईंचा उलट निरोप आला. तो आणणाऱ्या गड्यानं जसाच्या तसा सांगितला: "त्या पत्र्याच्या डब्यात घालून माज्या सुनंला न्यायचं? तिच्या पोटात काय नारळ हाय व्हय?" तुझी वहिनी लाल झाली. लग्नात मानपानावरून दोघींचं जे बिनसलं, ते अजून 'अहो-जाहो'च्या पुढं सरकलं नव्हतं. शेवटी व्याही आप्पांनी मध्ये पडून होकार कळवला. पण आम्ही निघालो ते हा बोल उशाशी घेऊनच.

पहाटे उजाडता उजाडता निघालो. दत्तू, मी आणि तुझी वहिनी. मागच्या बाकावर कापसाची गादी आणि तिच्यावर दोन गोधड्या, येताना सोनीसाठी. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, शिवाय विहीणबाईंसाठी कुंदा. तुझ्या वहिनीनं मोटारीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. तरी मोटार काही निघेना, कारण दत्तूची प्रदक्षिणा राहिली होती.

ही प्रदक्षिणा समजून घे. दत्तू मोटारीभोवती एक फेरी घालतो. प्रत्येक चाकाला लाथ मारून हवा बघतो, पाना लावून एकेक नट दाबून बघतो, पाणी बघतो, दारांच्या कड्या ओढतो, काच आणि दोन्ही दिवे धोतराच्या सोग्यानं पुसतो. मग आत बसून चार हात मोटार पुढं घेतो आणि ब्रेक दाबतो. आम्हाला डोकं आपटल्याची आठवण राहते. कुणीतरी समोरच्या काचेवर झेंडूची जाड माळ बांधली होती, ती त्यानं सोडली आणि मागं टपाला बांधली.

वहिनी म्हणाली, "अरे, देवाची माळ मागं?"

"मामी, देवाला मागनं बी दिसतं. मला न्हाय दिसत."

काकतीपर्यंत रस्ता सपाट, दोन्ही बाजूंनी चिंचा. पुढं वंटमुरीचा घाट. इथं बैलगाड्यांच्या रांगा भेटतात, गुळाच्या आणि तंबाखूच्या. गाडीवान बहुतेक झोपलेला असतो, बैलांना वाट पाठ असते. वसंता, इथं नीट ऐक. आपण गाडीच्या अगदी पाठीशी जाऊन भोंगा वाजवला, तर बैल बिचकतात, गाडीवान दचकून उठतो आणि झोपेत जो कासरा हाताला लागेल तो ओढतो. गाडी आडवी होते, कधी आपल्याच अंगावर येते. दत्तू लांबूनच एकदा भोंगा वाजवतो, मग मोटार अगदी हळू करतो, गाडीवानानं वळून बघितलं की हात करतो, आणि मगच बाजूनं काढतो. एका म्हाताऱ्या गाडीवानानं आम्हाला विचारलं, "काय सावकार, मोटार आजारी हाय व्हय?"

दत्तू हसून म्हणाला, "न्हाय बाबा, बैल तुमचं जवान हाईत."

घाटाच्या वळणावळणाला दत्तू असा थांबल्यासारखा होई की मला मागून कुणीतरी ढकलावं असं वाटे. शेवटी मी म्हटलंच, "अरे, रस्ता मोकळा आहे की!"

"दिसतोय तेवढा मोकळा हाय मामा. वळनापलीकडं म्हैस बसलीया असंच धरून चालायचं. नसली तर देवाची किरपा."

मग आमचा खेळच झाला. वळण आलं की मी विचारायचं, "म्हैस?" आणि तो म्हणायचा, "म्हैस!" यमकनमर्डीपर्यंत एकही म्हैस निघाली नाही. मी त्याला चिडवलं, तो चिडला नाही. पुढं हत्तरगीजवळ एका वळणामागं खरोखर एक रेडा रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेला निघाला. दत्तूनं माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. नुसती मिशी हलली.

हत्तरगीला चहा प्या. साखरेचा मागा, नाहीतर गुळाचा देतात. आम्हाला गुळाचाच आवडला. संकेश्वरला शंकराचं दर्शन घेऊन नदीकाठी दशम्या सोडल्या. दत्तू अर्धीच खातो. पोट भरलं की डोळे जड होतात म्हणतो. खाऊन झाल्यावर तो झाडाखाली घटकाभर आडवा झाला आणि आम्ही दोघं नदी बघत बसलो. तुझी वहिनी म्हणाली, "लग्न झाल्यापासून आपण असे नुसते कधी बसलो होतो?" पाण्यात कुणाची तरी बदकं होती, ती मोजत बसलो.

पुढं तवंदीचा घाट. वरून निपाणीचा सगळा मुलूख ताटात वाढल्यासारखा दिसतो. तिथं थांबून बघा, पण मोटार रस्त्याच्या कडेला पुरती घेऊन. आणि एक गोष्ट. चढावर मोटार थांबवली की चाकामागं दगड लावतात. निघताना तो दगड तिथंच टाकून जातात, आणि मागून येणारा त्याच्यावर चढतो. दत्तू आपला दगड तर उचलतोच, दुसऱ्यांचेही उचलून कडेला टाकतो. त्या घाटात आम्ही असे कितीतरी दगड गोळा केले. तुझी वहिनी म्हणाली, "घर बांधायचंय वाटतं दत्तूला." उतारावरही तो गिअरमध्येच उतरतो. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून मोटार नुसती सोडणारे दोघं आमच्या पुढून सूं करून गेले. त्यांच्या धुरळ्यात काही दिसेना, तेव्हा धुरळा खाली बसेपर्यंत दत्तू उभाच राहिला.

निपाणी आली हे डोळे मिटून सुद्धा कळतं, नाकाला कळतं. तंबाखूच्या वखारी दोन्ही अंगाला, हवेत तंबाखूच्या भुकटीचा तो बारीक खकाणा. पहिली शिंक मला आली. तुझी वहिनी ओरडली, "थांब दत्तू, शिंक झाली!"

दत्तू थांबला. म्हणाला, "मामी, मीबी थांबतच होतो. मला येतीया."

त्याला आल्या लागोपाठ. मग वहिनीला. मग पुन्हा मला. वखारीच्या दारात बसलेल्या हमालांची हसून मुरकुंडी वळली. त्यातला एक म्हणाला, "बाई, शिंकंला थांबाया लागला तर निपाणीतनं जल्मात भाईर पडनार न्हाईसा."

दत्तूचं कारण वेगळं होतं. शिंकताना डोळे मिटतात आणि हात सैल पडतो, तेवढ्यात मोटार कुणाच्या तरी अंगावर जाते, म्हणून शिंक येतेय असं वाटलं की तो कडेला थांबतो. तुझी वहिनी अपशकुनाला थांबते. दोघांनाही थांबायचंच होतं, त्यामुळं भांडणाचा प्रश्न आला नाही. वसंता, तू निपाणीतून जाशील तेव्हा नाकाला ओला रुमाल बांध. पेट्रोलचे डबे इथंच भरून घे. आतल्या बाजूला कुठं मिळतील याचा भरवसा नाही.

निपाणीहून बोरगाव आणि मग सदलगा. हा रस्ता कच्चा, पण दोन्ही बाजूंनी ऊस आणि हिरवागार तंबाखू, हत्तीच्या कानाएवढी पानं. गुऱ्हाळाचा वास येत राहतो. एका गुऱ्हाळवाल्या जैन पाटलांनी थांबवून गरम काकवी दिली. घरात बायकोशी कानडी आणि आमच्याशी मराठी, दोन्ही एका वाक्यात. पैसे विचारले तर म्हणाले, "सदलग्याच्या सुनंला न्याया चाललाय, मग आमचं पावनंच की."

दिवेलागणीला सोनीचं घर दिसलं आणि नेमक्या त्याच वेळी मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. लंगडत लंगडत मोटार मळ्यातल्या घरापुढं जाऊन उभी राहिली. विहीणबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आधी त्यांनी चाकाकडं बघितलं, मग आमच्याकडं. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोनी मात्र उजळलेली दिसली. मला म्हणाली, "अण्णा, मोटारीत पोटातलं पानी हलतं का?" मी म्हटलं, "दत्तू चालवत असला तर ताटातलं सुद्धा हलत नाही." आतून विहीणबाईंचा आवाज आला, "उद्या बघूच की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूनं अंगणात जॅक लावला आणि पंक्चर झालेलं चाक काढून दुसरं चढवायला घेतलं. नट धुळीत हरवू नयेत म्हणून चुलीपाशी पडलेली एक करवंटी मागून घेतली आणि तिच्यात टाकले. करवंटी कट्ट्यावर ठेवली. पाचांतले दोन नट त्यानं नुसते हातानं फिरवून बसवले असतील-नसतील, तेवढ्यात आप्पा बाहेर आले.

"अरं भाचं, उठ! पानं वाढलीत."

"आप्पा, एवढं चाक..."

"चाक पळून जातंय व्हय? पुरनपोळी गार व्हती!"

आता तूच सांग, बापू. आपल्याकडं वाढलेल्या पानाला कुणी ताटकळत ठेवतं? आणि तेही व्याह्यांच्या घरी, तेही पुरणपोळीचं पान! दत्तू उठला. जॅक खाली केला, हात धुतले, पाटावर बसला. आप्पा आग्रह करायला लागले की माणूस आपलं नाव-गाव विसरतो. तोवर सोनीची ओटी भरली, शेजारपाजारच्या बायका जमल्या. मोटारीभोवती एवढी गर्दी की कुत्र्याला आत शिरायला वाव नाही. कुणी टायरला कुंकू लावतंय, कुणी चाकाखाली लिंबू ठेवतंय. आणि आप्पा हातातलं पंचांग हलवत, "राहू लागायच्या आत सीमा वलांडा! चला, चला!"

प्रदक्षिणा राहिली. घालायला जागाच नव्हती.

सोनीला गादीवर नीट टेकवून बसवलं, शेजारी तिची आई. सोनी सासूच्या पाया पडली. विहीणबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो काढेचनात. मग एकदम म्हणाल्या, "जावा." मोटार निघाली. रिवाजाप्रमाणं आमच्यातलं कुणी मागं वळून बघितलं नाही, आणि त्यांच्यातल्या कुणी मागून हाक मारली नाही. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही हे आपण पाळण्यात शिकतो. त्यात पोटुशी लेक माहेरी निघालेली.

मळ्याची वाट घराला मोठा वळसा घालून तंबाखूच्या शेताच्या कडेनं जाते, बाभळीच्या झुडपांपाशी वळते, आणि वळणाच्या पुढं ओढ्याचा उतार लागतो. बराच खडा उतार आहे, खाली सगळे गोटे. मला मागून कसलीशी कटकट ऐकू येत होती, पण वाटलं, वाटच तशी आहे. बाभळी आल्या. मी सवयीनं म्हटलं, "म्हैस?"

"म्हैस," दत्तू म्हणाला आणि मोटार अगदी पावलाच्या चालीवर आणली.

वळणापलीकडं विहीणबाई उभ्या होत्या.

वाटेच्या मधोमध, दोन्ही हात पसरून, पायात काही नाही, पदर खांद्यावरून सुटलेला, लुगड्याला तंबाखूचा चीक, तोंड टोमॅटोसारखं लाल. एका हातात करवंटी. दत्तूनं ब्रेक दाबला आणि मोटार त्यांच्यापासून चांगली हातभर अलीकडं उभी राहिली. पावलाच्या चालीवर नसती, तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

विहीणबाईंना दम लागलेला. बोलता येईना. करवंटी पुढं केली. तिच्यात तीन नट.

"मागनं... मागनं हाक न्हाय मारली हां!" हे त्यांचं पहिलं वाक्य. "म्होरनं आले. शेतातनं. मागनं हाक न्हाय मारली म्या!"

मग कळलं. मोटार निघाल्यावर कट्टा झाडायला गेल्या तर करवंटी जड लागली. आत बघितलं. मोटारीतलं त्यांना काही कळत नाही, पण चाक चढवताना त्यांनी बघितलं होतं की हे चाकाचं आहे. दारात सगळे उभे होते, मोटार अजून हाकेच्या टप्प्यात होती. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण सुनेला, आधी एकदा ओटी रिकामी झालेल्या सुनेला, मागून हाक? घशाशी आलेली हाक त्यांनी गिळली आणि साठीच्या बाईनं तंबाखूच्या शेतात उडी घेतली.

दत्तू खाली उतरला. मागचं चाक हातानं हलवलं तर ते हललं. दोन नट, तेही सुटत आलेले. पुढं ओढ्याचा उतार. तो चाकाजवळ मटकन खाली बसला. मग म्हणाला, "पानावरनं उठून हात धुतलं, मामा, आनि हातासंगं कामबी धुवून निघालं. डोक्यात ऱ्हायलं, चाक बसवलंय."

सोनी आतून रडवेली होऊन म्हणाली, "आत्याबाई, तुमी धावलासा कशाला वं? हाक मारायची की!"

"गप बस गं. पोटावर हात ठिव," विहीणबाई म्हणाल्या आणि तिथंच मातीत बसल्या. तळपायात काटा होता, रक्त येत होतं.

तुझी वहिनी मोटारीतून उतरली. गुडघे धरून, हळूहळू, विहिणीच्या पायाशी बसली. केसातला आकडा काढून तिनं काटा कोरून काढला, ओठ घट्ट मिटून. काटा निघाल्यावर म्हणाली, "आक्का, असं शेतातनं कुणी पळतं का गं?"

लग्नापासूनची 'अहो-जाहो' तिथं मातीत सांडली ती आजतागायत कुणी उचललेली नाही.

दत्तूनं नट आवळले. मग सगळ्या चाकांचे सगळे नट पुन्हा पहिल्यापासून आवळले. मोटारीला एक प्रदक्षिणा घातली, मग दुसरी. तुझी वहिनी म्हणाली, "तिसरी पण घाल, देवळात तीन घालतात." त्यानं खरोखर घातली. विहीणबाईंना परत पोचवतो म्हणालो तर म्हणाल्या, "माघारी फिरायचं न्हाय. मी चालत जाते. चला, आता म्होरं बघा."

आणि मग एक मौज झाली. मोटार उताराला लागली आणि मागून विहीणबाई ओरडल्या. हो, मागूनच! "अरं ए भाच्या! सावकाश जा रं!"

बहुधा त्यांचं त्यांनाच कळलं नसावं. तुझ्या वहिनीनं माझ्याकडं बघितलं.

परतीचं फार लिहीत नाही, रस्ता तोच. घाई केली नाही, संकेश्वरला मुक्काम केला. धर्मशाळा स्वच्छ आहे, अंथरूण आपलं न्यावं. सोनी गादीवर निजली तरी हसत होती. वंटमुरीच्या घाटात तीच वळणावळणाला "म्हैस?" विचारायला लागली. मी दत्तूच्या कानात म्हटलं, "सदलग्याला म्हैस नव्हती, विहीण होती," तर तो इतका हसला की मोटार कडेला घेऊन थांबला. हसतानाही चालवत नाही तो. हे विहीणबाईंच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

घरी आल्यावर बरेच दिवस मी यावरच विचार करत होतो. मागावर आपण काय करतो? मध्येच कुणी हाक मारली आणि उठलो, तर परत बसल्यावर धागे पहिल्यापासून बघतो की नाही? मग मोटारीचंही तेच. वसंता, अर्धं राहिलेलं काम जिथं सोडलं तिथून धरू नकोस, पहिल्या नटापासून धर. जेवणाचा, ओटीचा, राहूचा, सगळ्यांचा मान ठेव, पण प्रदक्षिणा घातल्याशिवाय चाक हलवू नकोस. आणि बापू, ही गोष्ट तुम्हा घरच्यांसाठी आहे: त्याला प्रदक्षिणा घालायला जागा द्या. आम्ही दिली नव्हती.

दत्तूनं ती करवंटी सदलग्याहून आणलीय. आता कुठूनही निघताना तो ती सगळ्यांसमोर उलटी करून दाखवतो, ती रिकामी बघितल्याशिवाय कुणी मोटारीत बसत नाही. आमच्या गल्लीतल्या बायका आता तिलाही कुंकू लावतात.

आता सोनी. गेल्या आठवड्यात मुलगी झाली. बाळ गुटगुटीत आहे, बाळंतीण खुशाल आहे, रंग आजीवर, आवाजही आजीवर, सदलग्याच्या आजीवर. विहीणबाई नातीला बघायला आल्या त्या कशानं, सांग बरं? त्याच पत्र्याच्या डब्यानं! दत्तूनंच आणलं. वाटेत निपाणीत शिंकायला थांबलो होतो, हे त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं.

परत जायला निघाल्या तेव्हा आमची सगळी आळी जमली होती. करवंटी दाखवून झाली, मोटार सुरू झाली, चार पावलं गेली. आणि तुझी वहिनी, जिनं जन्मात कधी असं केलं नाही, ती उंबऱ्यातून मोठ्यानं ओरडली, "आक्का, दार नीट लागलंय का बघ गं!"

आळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मोटार थांबली. विहीणबाईंनी दार उघडलं, पुन्हा धाडकन लावलं, डोकं बाहेर काढलं. मला वाटलं, आता काय ऐकायला मिळतंय.

"नव्हतं लागलं बाई! बरं झालं हाक मारलीस!"

तेव्हापासून आमच्या घराचा हाच रिवाज. बारसं तुम्ही आल्याशिवाय करायचं नाही असं ठरलंय, पण घाई नको. कागलहून एका दमात यायचं नाही, दोन ठिकाणी थांबत या. आणि इथून परत निघाल तेव्हा उंबऱ्यातून मी स्वतः मागून हाक मारणार आहे, तेव्हा यमुनेनं मनाला लावून घेऊ नये. वसंतानं मात्र थांबावं.

नाव काय ठेवायचं, कपिला व्यायली का आणि तुझी कंबर कशी आहे, एवढं लगेच कळव. उत्तराची वाट बघत तुझी वहिनी रोज टपालवाल्याला हाक मारणार आहे. त्यालाही मागूनच.

तुझा,
अण्णा